४४.१ ची फाईल वाजवली की सूर चढतो, क्लॉक सेट झाला म्हणतो पण होत नाही (लिनक्स कर्नल, एआरएम बोर्ड)

तंबोरा_काळी_एक

नमस्कार मंडळी, तीन रविवार यात गेलेत म्हणून शेवटी इथे विचारतेय. बाबांचा सांगलीत गाण्याचा क्लास आहे, त्यांच्यासाठी मी एक डबा बनवतेय, आत छोटा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स ६.१, बाहेर एक ऑडिओ कोडेक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि स्पीकर. काम एकच, आमच्या घरच्या मिरजेच्या तंबोऱ्याची रेकॉर्डिंग्ज आहेत ती वाजवायची. बोर्डवर २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, चिपच्या आयटूएस (कोडेकला ऑडिओ पोचवणारी जोडणी) ब्लॉकमधून बिट क्लॉक, एलआर क्लॉक (सॅम्पल रेटने चालणारा) आणि मास्टर क्लॉक तिन्ही बाहेर निघतात, कोडेक नुसता मागे मागे जातो.

आता प्रॉब्लेम. नवीन रेकॉर्डिंग्ज ४८ किलोहर्ट्झची आहेत, ती व्यवस्थित वाजतात. जुनी सगळी ४४.१ ची आहेत, ती लावली की सूर चढतो. बाबांनी पेटी घेऊन बघितलं, तंबोरा काळी एकला लावलेला आहे आणि डब्यातून येतो तो पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोब्बर मधे, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही. घड्याळ लावून मोजलं तर ५ मिनिटांची फाईल ४ मिनिटं ३५ सेकंदात संपते. म्हणजे ४४.१ ची फाईल ४८ ने वाजतेय हे मलाही कळतंय, गणित तसंच येतं.

पण का ते कळत नाही. ड्रायव्हर चिपच्या कंपनीने दिलेल्या कोडवरून मीच सुधारलाय, त्यात एचडब्ल्यू_पॅरम्स (फाईलचा रेट ठरतो ते फंक्शन) मधे मी सीएलके_सेट_रेट (क्लॉककडे रेट मागणारं फंक्शन) ला ४८ साठी २४५७६००० आणि ४४.१ साठी २२५७९२०० देते (म्हणजे दोन्हीकडे ५१२ पट). परत येणारी किंमत तपासते, ती दोन्ही वेळा ० येते. लॉगमध्ये मी स्वतः छापलंय, 'रेट सेट झाला २२५७९२००'. एरर कुठेच नाही. मग क्लॉक बदलत का नाही? कर्नलच्या कॉन्फिगमध्ये काही सुरू करायचं राहिलंय का?

नाशिककर_पेंग्विन

माझ्याकडे ऑडिओ मधे मधे तुटत होता तेव्हा मी कर्नल कॉन्फिगमध्ये टायमर फ्रिक्वेन्सी २५० होती ती १००० केली आणि प्रीएम्प्ट (घाईचं काम आलं की चालू काम मधेच थांबवायची सोय) चालू केलं, एकदम सुधारलं. ते करून बघा आधी. आणि फाईल कशाने वाजवताय ते सांगा, मधे साउंड सर्व्हर असेल तर तो रीसॅम्पल करतो (सॅम्पल रेट बदलून देतो), तिथेही घोळ असू शकतो.

तंबोरा_काळी_एक

मधे काही नाही, थेट हार्डवेअर डिव्हाइसवर वाजवते, रीसॅम्पलिंग मुद्दाम बंद ठेवलंय. १००० करून बघते.

(अर्ध्या तासाने) केलं, काही फरक नाही, ४ मिनिटं ३५ सेकंदच.

रजिस्टर_वाचक

फरक पडणारच नव्हता. इथे 'क्लॉक' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात, आणि हा गोंधळ इतक्या वेळा बघितलाय की जरा नीटच लिहितो.

कॉन्फिगमधला तो एचझेड, म्हणजे १००, २५०, ३०० किंवा १००० यातला जो निवडाल तो, हा कर्नलचा स्वतःचा टिक. सेकंदाला किती वेळा टायमर इंटरप्ट येऊन शेड्युलर बघणार की आता कोणाची पाळी, एवढंच त्याचं काम. तो वाढवला तर बफर वेळेवर भरला जाईल, आवाज तुटायचा थांबेल, नाशिककरांचं तेच झालं असणार. पण कोडेकला जो चौकोनी सिग्नल जातो तो टिकमधून येत नाही, तो क्रिस्टल, मग पीएलएल (क्रिस्टलवरून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट), मग भागाकार करणारे डिव्हायडर असा तांब्याच्या तारेवरून येतो. बफर उशिरा भरला तर आवाज तुटेल, सूर चढणार नाही. सूर चढला म्हणजे तारेवरचाच क्लॉक चुकला.

त्या तारेवरच्या क्लॉकचा कारभार कर्नलमध्ये कॉमन क्लॉक फ्रेमवर्क बघतं. हे २०१२ मधे, ३.४ व्हर्जनला आलं, माइक टर्केट यांचं काम. त्याआधी एआरएमच्या प्रत्येक चिप घराण्याचा क्लॉकचा कोड वेगळा होता, फंक्शनची नावं तीच पण पोट प्रत्येकाचं निराळं, त्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांच्या चिप्सना एक कर्नल बांधणं हीच अडचण होती. आता सगळे क्लॉक एका झाडात असतात, क्रिस्टल मुळाशी आणि तुमचा आयटूएस पानाशी.

आता तुमचा ०. मला जवळपास खात्री आहे काय झालंय. तुम्ही ज्या क्लॉकवर सीएलके_सेट_रेट बोलावताय तो बहुतेक नुसता गेट आहे, म्हणजे चालू किंवा बंद, त्याला स्वतःचा रेट बदलताच येत नाही. अशा क्लॉकला रेट मागितला की फ्रेमवर्क दोनपैकी एक करतं. त्याच्यावर सीएलके_सेट_रेट_पॅरेंट हा फ्लॅग असेल तर मागणी वर आईबापाकडे ढकलतं, फ्लॅग नसेल तर म्हणतं की माझ्याकडून जमेल असा एकच रेट आहे, जो आत्ता आहे तो. मग मागितलेला रेट राउंड करतं, राउंड केलेला आत्ताच्या रेटइतकाच निघतो, म्हणजे बदलायला काही नाही, म्हणून परत ०. एरर नाही कारण त्याच्या हिशोबात काही चुकलंच नाही. तुम्ही त्या शून्याचा अर्थ 'मागितलं ते मिळालं' असा घेतलात, त्याचा अर्थ एवढाच की 'जे जमण्यासारखं होतं ते आता आहे'.

दोन गोष्टी करा. सेट केल्यावर लगेच सीएलके_गेट_रेट ने वाचा आणि तो आकडा छापा, मागितलेला नको. आणि डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाईलसिस्टिम) माउंट करून त्यातल्या सीएलके फोल्डरमधली सीएलके_समरी ही यादी ऑडिओ वाजत असतानाच बघा, न वाजताना नको. सगळं झाड रेटसकट दिसेल, कोण कोणाचं पोर ते आत सरकवलेल्या नावांवरून कळतं.

तंबोरा_काळी_एक

बाप रे, खरंच तसंच आहे. ४४.१ ची फाईल वाजत असताना समरी काढली. क्रिस्टल २४००००००, त्याखाली ऑडिओ पीएलएल २४५७१४२८, त्याखाली दोन पोरं, आयटूएस शून्य आणि आयटूएस एक, दोघांचाही रेट २४५७१४२८. गेट_रेट पण तोच सांगतोय. म्हणजे २२५७९२०० कधी झालंच नाही, आणि मी तीन आठवडे माझ्याच लॉगवर विश्वास ठेवत होते.

पण आता दोन नवीन प्रश्न. एक, हे सेट होत नाही तर ४८ वाल्या फाईल्स बरोबर कशा वाजतात? दोन, हा २४५७१४२८ आकडा आला कुठून, मी तर २४५७६००० मागते.

घाटमाथा

पहिल्याचं उत्तर मी देतो कारण मी याच खड्ड्यात पडलेलो. तुमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाईल) आयटूएसच्या नोडमध्ये किंवा क्लॉक कंट्रोलरच्या नोडमध्ये असाइन्ड-क्लॉक्स आणि असाइन्ड-क्लॉक-रेट्स अशा दोन ओळी आहेत का बघा. असणारच. कंपनीच्या कोडमधून आलेल्या असतात आणि कोणी वाचत नाही.

त्या ओळी कर्नल ड्रायव्हरचा प्रोब (ड्रायव्हर सुरू होताना चालणारं फंक्शन) चालायच्या आधी एकदाच अमलात आणतं, आधी असाइन्ड-क्लॉक-पॅरेंट्स असेल तर आईबाप बदलतं, मग रेट लावतं, आणि यादीत ० लिहिलेला असेल तर त्या क्लॉकला हात लावत नाही. तिथे पीएलएलचंच थेट नाव असतं, त्यामुळे फ्लॅग असो नसो, पीएलएलला रेट लागतो. म्हणजे तुमचे ४८ चालत होते ते बूटच्या वेळी लागलेल्या रेटवर, ड्रायव्हरच्या कोडचा त्यात काही वाटा नव्हता, तो कोड पहिल्या दिवसापासून नुसता ० परत घेत होता. एकदाच लागत असल्यामुळे चालू असताना फाईल बदलली तरी तिथून काही होत नाही.

तंबोरा_काळी_एक

आहेत दोन्ही ओळी! असाइन्ड-क्लॉक-रेट्स मधे २४५७६०००. कळलं.

कथील_आणि_कावीळ

दुसऱ्याचं मी सांगतो, मी हार्डवेअरवाला आहे, क्लॉकच्या झाडापेक्षा क्रिस्टल जास्त बघतो.

२४ मेगाहर्ट्झ वरून २४.५७६ काढायचं तर गुणोत्तर १२८ भागिले १२५ येतं. २२.५७९२ काढायचं तर ५८८ भागिले ६२५. हे दोन्ही पूर्णांकात नेमके काढायचे तर भाजक किमान १२५ आणि ६२५ लागतात. तुमच्या पीएलएलच्या भागाकाराचं फील्ड बहुतेक ६ बिटांचं आहे, म्हणजे ६४ च्या पुढे जात नाही. ६४ च्या आत १.०२४ च्या सगळ्यात जवळ ४३ भागिले ४२ येतं, २४ गुणिले ४३ म्हणजे १०३२, त्याला ४२ ने भागा, २४.५७१४२८. हाच तुमचा आकडा. म्हणजे तुमचे ४८ सुद्धा खरे ४८००० नाहीत, ४७९९१ आहेत. कानाला कळणार नाही, एका सेमीटोनच्या तीनशेव्या हिश्श्याएवढा फरक आहे, पण तासाला पाऊण सेकंदाच्या आसपास मागे पडेल.

चिपच्या मॅन्युअलमध्ये पीएलएलच्या पानावर फ्रॅक्शन किंवा सिग्मा-डेल्टा नावाचं रजिस्टर आहे का शोधा. ऑडिओच्या पीएलएलला सहसा असतं, त्याने गुणक अपूर्णांकात देता येतो. पण ड्रायव्हरमध्ये ते वापरलेलं नसेल तर नुसतं चिपमध्ये असून काय उपयोग.

आणि ४४.१ आणि ४८ ची भांडणं मुळातच आहेत, त्यांचं गुणोत्तर १४७ ला १६०. दोन्ही घराण्यांना पूर्णांक भागाकाराने पुरेल असा ५१२ पटीचा सामाईक आकडा काढा, तो ३६१२.६७२ मेगाहर्ट्झ येतो. साध्या चिपचा पीएलएल तिथपर्यंत जात नाही. म्हणून चांगल्या ऑडिओ बोर्डवर २२.५७९२ आणि २४.५७६ असे दोन वेगळे ऑसिलेटर सोल्डर केलेले दिसतात आणि मधे एक मक्स (दोनपैकी एक निवडणारा स्विच). पुढच्या वेळी बोर्ड बनवाल तेव्हा जागा ठेवा, पीएलएलपेक्षा स्वच्छ क्लॉक मिळतो.

तंबोरा_काळी_एक

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. आज संध्याकाळी क्लॉक ड्रायव्हरमध्ये आयटूएस शून्य आणि एक, दोन्ही गेट्सवर सेट_रेट_पॅरेंट लावला. कर्नल बांधला, ४४.१ ची फाईल लावली, आणि समरीमध्ये पीएलएल २२५८८२३५ झाला. बाबांनी पेटीवर काळी एक धरली आणि जुळली. पंचमाची तार पण जुळली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते रेकॉर्डिंग डब्यातून आपल्या पट्टीत ऐकलं.

पण आनंद दीड तास टिकला. डब्याला माइक पण आहे, विद्यार्थ्यांचा रियाज रेकॉर्ड करायला, तो आयटूएस एक वर आहे आणि ४८ ने रेकॉर्ड करतो. एका मुलीने रियाज सुरू केला, दोन मिनिटांनी बाबांनी मागे जुना तंबोरा लावला. नंतर ती फाईल मोबाईलवर ऐकली तर पहिली दोन मिनिटं ठीक आणि तिथून पुढे तिचा आवाज एकदम चढला आणि लय वाढली, एकाच फाईलमध्ये. म्हणजे तंबोऱ्याने पीएलएल खाली ओढला आणि माइक पण त्याच पीएलएलवर बसलाय, त्याला कोणी विचारलंच नाही. बरोबर ना?

रजिस्टर_वाचक

बरोबर. माइक खरोखर ४४.१ ने सॅम्पल घेत होता आणि फाईलच्या डोक्यावर ४८ लिहिलेलं, म्हणून वाजवताना चढतं. सेट_रेट_पॅरेंट लावला की पोराची मागणी आईबापापर्यंत जाते आणि आईबाप हलला की खालचं सगळं घर हलतं, भावंडाला कोणी विचारत नाही. हा फ्लॅग लावताना पहिला प्रश्न हाच पाहिजे की या पीएलएलवर अजून कोण आहे. मी काल तो प्रश्न तुम्हाला विचारायला हवा होता, समरीमध्ये दोन पोरं दिसत होती.

उपाय सांगतो पण त्यातही एक अडचण आहे, ती आधीच सांगतो.

फ्रेमवर्कमध्ये सीएलके_रेट_एक्सक्लुझिव्ह_गेट आहे. माइकचा स्ट्रीम सुरू झाला की ड्रायव्हरने आपल्या क्लॉकवर ते बोलवायचं, मग त्या क्लॉकचा आणि त्याच्या वरच्या सगळ्यांचा रेट कुलूपबंद होतो, समरीमध्ये प्रोटेक्ट काउंटच्या रकान्यात तो आकडा चढलेला दिसेल. स्ट्रीम बंद झाला की पुट करायचं, जेवढे गेट तेवढे पुट, नाहीतर पीएलएल कायमचा अडकेल. आता तंबोऱ्याने २२५७९२०० मागितलं तर? तुम्हाला वाटेल एरर येईल. येणार नाही. कुलूप लागलेल्या क्लॉकवरच दुसऱ्या कोणी थेट सेट_रेट केलं तर उणे ईबिझी ('अडकलेला आहे' हा एरर) मिळतं, पण तुम्ही मागताय भावंडावर. मागणी वर जाते, पीएलएल म्हणतो मी बांधलेलो आहे, माझा रेट हाच, राउंड होऊन तोच आकडा खाली येतो, बदलायला काही नाही, परत ०. पुन्हा तेच शून्य. म्हणजे माइक वाचला पण तंबोरा परत पांढरी दोनच्या वर गेला, आणि लॉग म्हणणार सेट झाला.

म्हणून एचडब्ल्यू_पॅरम्स मधे सेट_रेट नंतर गेट_रेट वाचून तुलना करा आणि पटत नसेल तर उणे ईइनव्हॅल ('मागणी अमान्य' हा एरर) देऊन बाहेर पडा. तुलना बरोबरीच्या चिन्हाने करू नका, पीएलएल एखाद दुसऱ्या हर्ट्झने इकडेतिकडे असतोच, मी दहा लाखात शंभर एवढी सूट ठेवतो.

त्याहून चांगलं म्हणजे भांडण होऊच द्यायचं नाही. स्ट्रीम उघडताना, स्टार्टअप फंक्शनमध्ये, दुसरा स्ट्रीम चालू आहे का बघा आणि असेल तर रेटची यादी त्याच्याच घराण्यापुरती आवळा. ४८ चालू असेल तर ८, १६, २४, ३२, ४८, ९६ एवढेच दाखवा, ४४.१ चालू असेल तर ११.०२५, २२.०५, ४४.१, ८८.२. मग वरचा, ऑडिओ लायब्ररीतला प्लग लेयर बघतो की ४४.१ मिळत नाही आणि स्वतः रीसॅम्पल करून ४८ ने देतो. सूर बरोबर, माइक बरोबर. त्यासाठी तुम्ही थेट हार्डवेअर डिव्हाइस वापरताय ते सोडून प्लग वापरावं लागेल.

अजून एक, हे सगळं ट्रिगर फंक्शनमध्ये (जे स्ट्रीम चालू-बंद करतं) करू नका. सीएलके_सेट_रेट झोपू शकतं, आत म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतं, आणि ट्रिगर सहसा अशा जागी चालतं जिथे झोपायची परवानगी नसते. चालू आणि बंद करणं, म्हणजे एनेबल डिसेबल, तेवढं तिथे चालतं, प्रिपेअर, म्हणजे त्याआधीची तयारी, नाही.

नाशिककर_पेंग्विन

माझं पहिलं उत्तर चुकलं, सॉरी, पण या धाग्यातून मला खूप कळलं. एक सुचवतो, डब्यात फाईल्स किती आहेत? शंभर दोनशे असतील तर सगळ्या एकदाच सॉक्सने (ऑडिओ फाईल्स बदलणारा प्रोग्राम) ४८ ला करून ठेवा, चांगल्या क्वालिटीच्या रीसॅम्पलरने. डब्यात दुसरं घराणंच नको. पीएलएल ४८ वर बसला की बसला.

कथील_आणि_कावीळ

बाबांच्या डब्यासाठी मी पण हेच करेन. रियाज सुरू असताना पीएलएल हलवायची रिस्क कशाला.

तंबोरा_काळी_एक

नाशिककर, सॉरी कशाला, तुमच्यामुळेच तर टिक आणि क्लॉक वेगळे हे कळलं. फाईल्स १४० आहेत, कॉपी करून ४८ च्या केल्यात, मूळ तशाच ठेवल्यात कारण त्यातली काही आजोबांनी वाजवलेली आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही असं बाबांनी सांगितलंय. डबा उद्या सांगलीला जातोय त्यात हेच असेल.

पण ड्रायव्हर मला बरोबरच करायचाय, हा बोर्ड अजून लोक वापरतात आणि त्यांच्याकडेही हेच शून्य येत असणार. त्यामुळे काल रात्री बसले. रजिस्टर_वाचक यांनी सांगितलं तसं स्टार्टअपला यादी आवळली आणि पॅरम्समध्ये गेट_रेटची तुलना टाकली. आणि तुलना टाकताक्षणी ४४.१ नाकारलं गेलं! माइक बंद असताना सुद्धा. मला वाटलं माझंच चुकलं, मग आकडे बघितले, २२५८८२३५ आणि २२५७९२०० यात दहा लाखात ४०० चा फरक आहे, माझी सूट शंभरची. म्हणजे आधी ज्याला मी जुळलं म्हणत होते ते सुद्धा नेमकं नव्हतं, ४८ ने गुणून ५१ ने भागलेलं होतं.

लॉजिक अ‍ॅनालायझर लावून एलआर क्लॉकच्या पायावर मोजलं, ४४.११८ किलोहर्ट्झ. माझा अ‍ॅनालायझर स्वस्तातला आहे पण ४०० चा फरक त्याच्या क्रिस्टलच्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठा आहे त्यामुळे आकडा खरा.

हे ऐकू येतं का म्हणून एक प्रयोग केला. लॅपटॉपवर तीच फाईल आणि डब्यातून तीच फाईल एकाच वेळी सुरू केली. पहिला अर्धा मिनिट एकजीव वाटतं, मग जोडाच्या तारांची छेड हळूहळू वेगळी ऐकू यायला लागते, दहा मिनिटांनी सरळ दोन तंबोरे वाजतायत असं. सूर मात्र मला वेगळा नाही जाणवला, बाबांनाही नाही.

मॅन्युअलमध्ये फ्रॅक्शनचं रजिस्टर आहे, ड्रायव्हरमध्ये त्याचं नावही नाही. आता दोन रेटचं छोटं टेबल टाकायचं का, की फ्रॅक्शनचा पूर्ण हिशोब कोडमध्ये करायचा?

रजिस्टर_वाचक

टेबल. ऑडिओच्या पीएलएलला कोणी तिसरं काही मागत नाही आणि मेंटेनरला (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याला) दोन ओळींचं टेबल वाचायला सोपं जातं. टेबलात नसलेला रेट मागितला तर जुना पूर्णांकाचा रस्ता राहू द्या, म्हणजे आधीचं कोणाचं काही मोडणार नाही.

एक काळजी घ्या, राउंड करणारं फंक्शन आणि सेट करणारं फंक्शन यांनी एकच टेबल बघितलं पाहिजे, आणि रिकॅल्क (आत्ताचा रेट काढून सांगणारं फंक्शन) ने फ्रॅक्शनचं बिट चालू आहे का ते रजिस्टरमधून वाचून मग रेट सांगितला पाहिजे. नाहीतर चिप २२५७९२०० देत असेल आणि समरी जुन्या हिशोबाने २२५८८२३५ दाखवत राहील, आणि समरीवर विश्वास ठेवून पुढचा माणूस तीन रविवार घालवेल. गेट_रेट हा कर्नलने आठवणीत ठेवलेला आकडा असतो, पायावरचा सिग्नल नाही. कर्नलच्या पाठीमागे फर्मवेअर रेट बदलत असेल तर त्या क्लॉकला गेट_रेट_नोकॅश फ्लॅग द्यावा लागतो, तुमच्याकडे तसं दिसत नाही पण एकदा खात्री करा.

घाटमाथा

आणि डिव्हाइस ट्रीमधल्या त्या असाइन्ड-क्लॉक-रेट्सच्या ओळी आता काढून टाका, निदान वेगळ्या पॅचमध्ये (कोडमधल्या बदलाचा एक सुटा तुकडा). त्या आहेत तोवर ड्रायव्हर बिघडला तरी ४८ चालत राहणार आणि कोणाला कळणार नाही.

तंबोरा_काळी_एक

काढल्या. काढून, टेबल न लावता, एकदा मुद्दाम बूट करून बघितलं, ४८ लाही तुलनेने लगेच नकार दिला, लॉगमध्ये मागितलेला आणि मिळालेला दोन्ही आकडे. हे आधी असतं तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

टेबल लावल्यावर समरी ४८ ला २४५७६००० आणि ४४.१ ला २२५७९१९९ दाखवते, तो एक हर्ट्झ भागाकारातला आहे. पायावर मोजलं तर ४८.००० आणि ४४.१००, माझ्या अ‍ॅनालायझरला जेवढं दिसतं तेवढ्यात. लॅपटॉपबरोबर चाळीस मिनिटं लावून ठेवलं, छेड वेगळी झालीच नाही असं नाही पण कान देऊन ऐकावं लागतं, तो दोन क्रिस्टलमधला फरक असणार. माइक चालू असताना ४४.१ लावलं तर प्लगमधून ४८ होऊन येतं, रियाजची फाईल शेवटपर्यंत एका पट्टीत.

पॅच तीन केलेत. पहिला पीएलएलचं टेबल आणि रिकॅल्क, दुसरा दोन्ही गेट्सवर फ्लॅग आणि ड्रायव्हरमधली तुलना आणि आवळलेली यादी, तिसरा डिव्हाइस ट्रीमधल्या ओळी काढणं. दुसऱ्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात का?

रजिस्टर_वाचक

झाल्यात. फ्लॅग क्लॉकच्या मेंटेनरकडे जाईल आणि तुलना साउंडच्या, दोन वेगळे लोक आहेत. चार करा. आणि क्रम असा ठेवा की मधल्या कुठल्याही पॅचवर थांबून कर्नल बांधला तरी ४८ वाजलंच पाहिजे, म्हणून आधी टेबल, मग फ्लॅग, मग यादी आणि तुलना, आणि ओळी काढणं सगळ्यात शेवटी. फ्लॅगच्या पॅचमध्ये ४४.११८ आणि ४४.१००, ५ मिनिटं आणि ४ मिनिटं ३५ सेकंद हे मोजलेले आकडे जसेच्या तसे लिहा.

तंबोरा_काळी_एक

चार केले. फ्लॅगच्या आणि टेबलच्या पॅचमध्ये ज्याचे आकडे त्याच्याकडे लिहिलेत, ४४.११८ टेबलकडे गेला कारण तो टेबलने सुटला. डबा बसने सकाळी सांगलीला पोचला, बाबांचा आत्ता फोन आला, संध्याकाळच्या बॅचला लावलाय.